पहिलं सिझर, बाळ सात महिन्यांचं आणि पुन्हा दिवस राहिले

एका ताईंचा प्रश्न आहे. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. कळा चालू असताना बाळाचे ठोके कमी झाले म्हणून सिझर केलं. बाळ आता सात महिन्यांचं आहे, अंगावर पितं. सिझरनंतर पाळी आलीच नव्हती, त्यामुळे शंकाही आली नाही. मळमळायला लागलं तेव्हा घरी चाचणी केली, तर दोन रेषा. सासूबाईंचं म्हणणं, टाके अजून ओले आहेत, मेडिकलमधून गोळ्या आणून मोकळी हो. नवऱ्याचं म्हणणं, राहिलंय तर राहू दे. ताई विचारतात: पिशवीचे टाके उसवतील का, ठेवलं तर पुन्हा सिझरच होणार का, आणि बाळाचं दूध आजपासून तोडायचं का?

ताई, आधी गोळ्यांचं बोलते. बाकी सगळं ठरवायला तुमच्याकडे आठवडे आहेत. गोळ्यांची चूक मात्र आज संध्याकाळीही होऊ शकते.

सोनोग्राफी झाल्याशिवाय एकही गोळी घेऊ नका. सिझर झालेल्या बाईत क्वचित असं होतं की नवा गर्भ पिशवीच्या पोकळीत न रुजता जुन्या सिझरच्या व्रणातच रुजतो. प्रमाण कमी आहे, साधारण दोन हजार गर्भारपणांत एक. पण तसं असेल आणि घरी गोळ्या घेतल्या किंवा कुणी घाईने क्युरेटिंग केलं, तर रक्तस्राव असा होतो की पिशवी काढायची वेळ येऊ शकते. नळीत गर्भ राहिला असेल तरीही या गोळ्या काम करत नाहीत. उलट थोडंफार अंगावर जातं, आपण मोकळे झालो असं वाटतं आणि नंतर नळी फुटू शकते. हे दोन्ही प्रकार सहाव्या-सातव्या आठवड्यात खालून केलेल्या सोनोग्राफीत बहुतेक वेळा कळतात. तेव्हा रिपोर्टमध्ये तीन गोष्टी लिहून मागा: गर्भ नेमका कुठे आहे, जुन्या व्रणापासून किती दूर आहे आणि किती आठवड्यांचा आहे.

तिसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्तच महत्त्वाची आहे. पाळी आलेलीच नाही, म्हणजे पाळीची तारीख धरून दिवस मोजायला काही आधार नाही. दोन रेषा उमटल्या म्हणजे दीड महिना झाला असेल, असं घरात गृहीत धरतात आणि सोनोग्राफीत गर्भ अकरा आठवड्यांचा निघतो, असं मी कितीदा पाहते. सुरुवातीच्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून काढलेली तारीख सगळ्यात भरवशाची असते. सातव्या-आठव्या महिन्यात पहिल्यांदा सोनोग्राफी केली तर दोन-तीन आठवड्यांची चूक सहज होते. पुढे सिझरची तारीख ठरवायची वेळ येईल तेव्हा हेच दोन-तीन आठवडे बाळाच्या फुप्फुसांना महागात पडतात.

आता ठेवायचं की नाही. सिझरनंतर लवकर दिवस राहिले एवढ्या एका कारणासाठी गर्भ पाडायलाच हवा असं वैद्यकशास्त्र सांगत नाही, मीही सांगत नाही. पण तुमची स्वतःचीच तयारी नसेल, अंगात ताकद नसेल, घरात हाताशी माणूस नसेल, तर गर्भपात हा कायदेशीर आणि सुरक्षित मार्ग आहे आणि तो निवडणं हा गुन्हा नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक साधन फसल्याच्या कारणावरून वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. गोळ्यांनी करायचा तर नऊ आठवड्यांपर्यंत. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची सही पुरते, नवऱ्याची किंवा सासूबाईंची लागत नाही. गर्भ पिशवीत नीट बसलेला असेल तर आधीचं सिझर असूनही डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या घेता येतात. अंगावर पाजणं ही त्यात अडचण नाही. फक्त त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच पुन्हा बीज सुटू शकतं, हे लक्षात असू द्या. साधन त्याच दिवशी ठरवलं नाही, तर तीन महिन्यांनी पुन्हा हाच प्रश्न घेऊन याल.

ठेवायचं ठरलं, असं धरून पुढचं सांगते.

टाके उसवण्याची भीती जवळजवळ प्रत्येकीला असते. खरं म्हणजे आज तुमच्या पिशवीवर टाके नाहीतच. पिशवी शिवायला जो धागा वापरतात तो साधारण दोन-अडीच महिन्यांत विरघळून जातो. स्लॅबचं सेंटरिंग काढून नेल्यावर स्लॅब आपल्या बळावर उभा राहतो, तसा आता तिथे फक्त भरून आलेला व्रण आहे. आतल्या भिंतीचे थर एमआरआयवर पूर्वीसारखे दिसायला साधारण सहा महिने लागतात. ताकद त्यानंतरही भरत राहते. आणि भरणं दिवस राहिले म्हणून थांबत नाही. या व्रणावर खरा ताण पडतो शेवटच्या काही आठवड्यांत, आणि सगळ्यात जास्त कळांमध्ये. आज बाळ सात महिन्यांचं आणि गर्भ सात-आठ आठवड्यांचा असेल, तर डिलिव्हरीच्या दिवशी तुमचा व्रण चौदा-पंधरा महिन्यांचा झालेला असेल. माझ्या दृष्टीने तुमच्या बाबतीत विचार करायचा आकडा हा पंधरा आहे, सात नव्हे.

अंतराच्या बाबतीत लोकांचा गोंधळ होतो तो याच मोजणीमुळे. कुणी सांगतं दोन वर्षं, कुणी दीड, कुणी सहा महिने. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की बाळ झाल्यापासून पुन्हा दिवस राहू देण्यात किमान २४ महिने जाऊ द्यावेत. म्हणजे दोन मुलांत पावणेतीन वर्षांचं अंतर झालं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते, सहा महिन्यांच्या आत तर नकोच, आणि अठरा महिन्यांच्या आत राहणार असेल तर धोके समजावून सांगा. सिझरनंतर नॉर्मल डिलिव्हरीत पिशवी फाटण्याचे जे अभ्यास आहेत, ते मात्र बऱ्याचदा एका डिलिव्हरीपासून दुसऱ्या डिलिव्हरीपर्यंतचे महिने मोजतात, आणि त्यात अठरा-एकोणीस महिन्यांच्या आतल्या बायकांना धोका जास्त दिसतो. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. डॉक्टरांशी बोलताना आपण कुठून कुठपर्यंत मोजतोय तेवढं स्पष्ट करा.

जास्त धोका म्हणजे किती? एक आडवं सिझर झालेल्या बाईला नंतर कळा येऊ दिल्या तर पिशवी फाटण्याचं प्रमाण साधारण २०० मध्ये १ धरतात. दोन डिलिव्हरींतलं अंतर दीड वर्षाच्या आत असेल तर ते दुप्पट-तिप्पट होतं. म्हणजे शंभरात एक-दीड, काही अभ्यासांत दोनाच्या थोडं वर. कळा सुरू होण्याआधी ठरवून सिझर केलं तर हेच प्रमाण दहा हजारांत दोनच्या आसपास येतं. शंभरात एक-दोन म्हणजे अठ्ठ्याण्णव बायकांना काहीच होत नाही हे खरं. पण ज्या एकीला होतं तिच्या बाळाकडे काही मिनिटंच असतात. ती मिनिटं तुम्ही कुठे असताना येतात, यावर सगळं अवलंबून आहे. लवकर दिवस राहिल्याने सगळ्यात जास्त बदलतं ते हेच: डिलिव्हरी कुठे, कशी आणि कधी करायची याचा हिशेब.

त्यासाठी कागद लागतो, आणि आपल्याकडे तो कागद नेमका नसतो. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी ही आपली रीत, त्यामुळे ऑपरेशन एका गावात आणि फाइल पाहणारी डॉक्टर दुसऱ्या गावात. हातात असतं ते डिस्चार्ज कार्ड, आणि त्यावर एल.एस.सी.एस. (पिशवीच्या खालच्या भागावरचं सिझर) एवढी चार अक्षरं. पोटावरचा व्रण आडवा आहे म्हणून पिशवीवरचाही आडवाच असेल असं नाही. फार कमी दिवसांचं बाळ, पोटात आडवं पडलेलं बाळ, पिशवीच्या खालच्या भागातली मोठी गाठ अशा वेळी पिशवी उभी कापावी लागते. कधी आडवा छेद अपुरा पडतो आणि इंग्रजी टी अक्षरासारखा वर वाढवावा लागतो. तसं झालेलं असेल तर कळांमध्ये पिशवी फाटण्याचा धोका कितीतरी पट वाढतो आणि नॉर्मलचा विषयच निघत नाही.

तेव्हा भावाला किंवा वडिलांना त्या दवाखान्यात पाठवा आणि ऑपरेशनच्या नोंदींची झेरॉक्स मागून घ्या. रुग्णाला आपली कागदपत्रं मागण्याचा हक्क आहे, लाजायचं कारण नाही. पिशवीवर छेद कसा घेतला, तो कुठे चिरत गेला का, रक्त किती गेलं, सिझर केलं तेव्हा पिशवीचं तोंड किती उघडलं होतं आणि नंतर ताप किंवा पू झाला होता का, एवढं त्यातून कळलं पाहिजे. सहाव्या-सातव्या सेंटिमीटरपर्यंत येऊन ठोक्यांमुळे सिझर झालेली बाई आणि हाडांतून बाळ उतरतच नव्हतं म्हणून सिझर झालेली बाई, या दोघींचं पुढचं नियोजन वेगळं असतं.

बाळाच्या वाढीवर लवकर दिवस राहण्याचा परिणाम होतो, त्यात आईच्या रक्ताचाही वाटा असतो. कमी अंतराने झालेली बाळं दिवस भरण्याआधी येण्याचं आणि वजनाने कमी असण्याचं प्रमाण जास्त असतं. एका गर्भारपणाला साधारण एक ग्रॅम लोह लागतं. सिझरमध्ये अर्धा ते एक लिटर रक्त जातं. सात महिन्यांत ही भरपाई होणं अवघडच, कारण मुळातली शिल्लकच तुटपुंजी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं होतं. म्हणून पहिल्या भेटीतच हिमोग्लोबिन तपासा. ११ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या उपचाराच्या डोसने, आणि तेवढ्याने वाढत नसेल किंवा गोळ्या सोसतच नसतील तर तिसरा महिना संपल्यावर शिरेतून लोह देता येतं. रक्त भरण्याची वेळ नवव्या महिन्यात येण्यापेक्षा हे केव्हाही बरं. गोळी चहासोबत, दुधासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. घरी बीट आणि डाळिंबाचा रस सुरू होईल, तो प्यायला हरकत नाही, पण त्याने हिमोग्लोबिन वाढेल या भरवशावर राहू नका. त्यांत लोह फारच थोडं असतं. त्यापेक्षा पालेभाजी, बाजरी, कडधान्यं, आणि खात असाल तर मटण, कलेजी, सुकट. आणि पानात सगळ्यांच्या आधी वाढून घ्या. दोन लेकरांचं खाणं एका अंगातून निघतंय.

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी, म्हणजे १८ ते २० आठवड्यांची, तुम्ही चुकवायची नाही. त्यात बाळाचे अवयव तर पाहतातच, पण तुमच्या बाबतीत मला आधी विचारायचंय ते वार (प्लासेंटा) कुठे आहे. सिझर झालेल्या बाईत वार खाली असण्याची शक्यता थोडी वाढते, आणि वर्षाच्या आत दिवस राहिले असतील तर आणखी थोडी. पाचव्या महिन्यात वार खाली आहे असं लिहून आलं तर लगेच घाबरू नका. पिशवी वाढते तशी बहुतेक जणींत वार वर सरकलेली दिसते, म्हणून ३२ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहतात. तेव्हाही ती खालीच असेल, पुढच्या बाजूला आणि नेमकी जुन्या व्रणावर, तर मात्र ती व्रणात रुतली आहे का याची तपासणी अनुभवी सोनोग्राफी तज्ज्ञांकडून करून घ्यायलाच हवी. एक सिझर झालेलं आणि वार पिशवीच्या तोंडावर, अशा शंभरातल्या साधारण अकरा बायकांत ती रुतलेली निघते. रुतलेली वार सोडवायला गेलं की रक्त थांबत नाही. असं निदान झालं तर डिलिव्हरी रक्तपेढी, अतिदक्षता विभाग आणि मूत्रमार्गाचे सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयातच करायची, तीही ३५-३६ आठवड्यांच्या आसपास ठरवून. ससून, वाडिया, मिरजेचं शासकीय महाविद्यालयाचं रुग्णालय अशा ठिकाणी हे निदान घेऊन आधीच नाव घातलं पाहिजे. चांगली गोष्ट म्हणजे तुमच्यासारख्या एक सिझर झालेल्या शंभर बायकांत वार तोंडावर राहणाऱ्या साधारण एकच असतात.

नवव्या महिन्यात आणखी एका रिपोर्टने घरात रडारड होते. व्रणाची जाडी. 'दोन मिलिमीटर' असं वाचून रात्री अकराला फोन येतात. पातळ व्रणाचा आणि फाटण्याचा संबंध आहे, नाही असं नाही, पण अमुक मिलिमीटरच्या खाली पिशवी फाटणारच असा सर्वमान्य आकडा कुठेही नाही. मोजणारा हात बदलला की, लघवीची पिशवी भरलेली असली की आकडा बदलतो. मी तो रिपोर्ट बाकीच्या माहितीच्या जोडीला वाचते. केवळ तेवढ्यावरून ३६ व्या आठवड्यात सिझर करायला निघत नाही.

मग नॉर्मल की सिझर? एका सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न केलेल्या शंभरातल्या सत्तर-पंचाहत्तर जणी खालून मोकळ्या होतात. तुमचं पहिलं सिझर ठोक्यांमुळे झालेलं आहे, हे कारण दुसऱ्या खेपेला पुन्हा येईलच असं नाही, त्यामुळे कागदावर तुम्ही वाईट उमेदवार नाही. विरुद्ध बाजूला आहेत ते हे पंधरा महिने. माझं मत विचाराल तर: ज्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ फोन केल्यावर घरून येतात, ठोक्यांची पट्टी सलग चालू ठेवता येत नाही आणि रक्त आणायला दुसऱ्या गावी जावं लागतं, तिथे पंधरा महिन्यांच्या व्रणावर कळा घेऊ नका. माझा दवाखानाही तालुक्याच्या गावातच आहे आणि मी तिथे घेत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा वैद्यकीय महाविद्यालयात, जिथे चोवीस तास ऑपरेशन थिएटर आणि माणसं तयार असतात, तिथे कळा आपोआप सुरू झाल्या, बाळ बेताचं आहे, छेद आडवा आहे, तर प्रयत्न करण्याजोगा आहे. पण कळा आणण्यासाठी खाली ठेवायच्या मिझोप्रॉस्टॉलच्या गोळ्या सिझर झालेल्या बाईला भरल्या दिवसांत देत नाहीत, आणि कळा वाढवायच्या सलाईननेही धोका दोन-तीन पट वाढतो. दिवस उलटून चालले, कळा नाहीत, म्हणून 'आणूया कळा' असं कुणी म्हणालं, तर तुमच्या बाबतीत मी सिझरच निवडेन.

ठरवून सिझर करायचं तर ३९ आठवडे भरल्यावर. घर दवाखान्यापासून लांब असेल आणि कळा घरीच सुरू होण्याची भीती असेल तर काही डॉक्टर थोडं आधी घेतात, ते त्यांच्याशी बोलून ठरवा. तारखेसाठी पंचांग घेऊन येणाऱ्या मंडळींना माझं सांगणं असतं की ३९ आठवड्यांनंतरच्या दिवसांतला कुठलाही मुहूर्त काढा, मी अंघोळ करून येते. त्याच्या आधीच्या मुहूर्तावर आलेलं बाळ धाप लागून काचेच्या पेटीत जातं, तेव्हा पत्रिका कामाला येत नाही.

सातव्या महिन्यानंतर घरात एक गोष्ट सगळ्यांना माहीत हवी. व्रणापाशी ओढल्यासारखं होणं, खाज, मधूनच बधिर वाटणं, उठता-बसता जांघेत कळ येणं, यांतलं काही पिशवी फाटण्याचं लक्षण नाही. मोठं बाळ कडेवर घेतल्याने व्रण उघडत नाही, आणि पोटपट्टा बांधल्याने तो पक्काही होत नाही. पण खालून लाल रक्त गेलं, मग पोट दुखो न दुखो. ओटीपोटातलं दुखणं दोन कळांच्या मधेही थांबत नसेल. चांगल्या चालू असलेल्या कळा एकदम बंद पडल्या आणि जीव घाबरला. लघवीला रक्त आलं. बाळाची हालचाल मंदावली. तर जवळची सुईण किंवा उपकेंद्र करत बसू नका. थेट ठरवलेल्या रुग्णालयात जायचं. १०८ ला फोन करताना पहिल्या वाक्यात सांगा: आधीचं सिझर आहे, वर्ष-सव्वा वर्षापूर्वीचं. रुग्णालयात शिरतानाही हेच पहिलं वाक्य. साध्या कळा सुरू झाल्या तरी घरी वाट पाहायची नाही, पहिल्या तासात निघायचं. पैशांची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त आणि येण्या-जाण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला तिथे तज्ज्ञांकडून गर्भवतींची तपासणीही होते. आशाताईंना नाव कळवलं की 'जोखमीची माता' म्हणून तुमची नोंद होईल. त्या शब्दांनी दचकू नका, त्या नोंदीमुळे तुमच्याकडे लक्ष राहतं.

दुधाचं. गर्भार बाईचं दूध विषारी होतं, बाळाला बाधतं, जुलाब होतात, हे मी पार एमबीबीएस झालेल्या सुनांकडूनही ऐकलंय. तसं काही होत नाही. सात महिन्यांच्या बाळाचं दूध एकाएकी तोडलं तर ते आजारी पडू शकतं, आणि दोष गर्भाला जाईल. पाजत राहा. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास दूध आपोआप कमी होतं, चवही बदलते, काही बाळं स्वतःच सोडतात. तोवर वरचं खाणं नीट बसवा: मऊ वरणभात, नाचणीची खीर, अंडं, केळं, दिवसातून तीन-चार वेळा, वर साजूक तूप. वर्षाच्या आत दूध अगदीच आटलं तर डबाबंद दूध डॉक्टरांना विचारून, मुख्य दूध म्हणून गाई-म्हशीचं वर्षानंतर. पाजणं थांबवायचं ते तुम्हाला रक्त जात असेल, वेळेआधी कळा येत असतील किंवा डॉक्टरांनी तसं कारण सांगून बंद करायला सांगितलं असेल तर. पाजताना पोट थोडं आखडल्यासारखं वाटतं, तेवढ्याने गर्भ पडत नाही.

हे वाचणाऱ्या ज्यांना अजून दिवस राहिलेले नाहीत त्यांच्यासाठी, आणि ताई, तुमच्या पुढच्या खेपेसाठीही. पाळी येत नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, हा समज तुम्हाला भोवला, आणि तो अर्धा खरा आहे म्हणूनच फसवतो. बाळ फक्त अंगावर, रात्रंदिवस, पाण्याचा थेंबही वरून नाही. पाळी आलेली नाही. आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं. हे तिन्ही असेल तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना दिवस राहत नाहीत. यातलं एक जरी मोडलं की संरक्षण संपलं. आपल्या घरांत घुटी पहिल्या महिन्यात सुरू होते आणि वरचं दूध तिसऱ्यात. सगळं पाळलं तरी उष्टावण झालं त्या दिवशी हा भरवसा सोडायचा. बीज आधी सुटतं आणि पाळी नंतर येते, त्यामुळे पाळी आल्यावर बघू म्हणणाऱ्या बाईला पाळी दिसतच नाही.

सव्वा महिना उलटला की साधन हवं. तांबी (कॉपर-टी) सिझरच्या वेळी, वार काढल्यावर लगेच, त्याच भुलेत बसवता येते. ती व्रणाला टोचत नाही, वर छातीकडे चढत नाही आणि दूध कमी करत नाही. तेव्हा बसवायची राहून गेली तर सहा आठवड्यांनंतर ओपीडीत बसवता येते. सरकारी दवाखान्यात अंतरा हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आणि छाया या गोळ्या मोफत मिळतात. छायाची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी, मग आठवड्याला एक; तिच्यात संप्रेरक नाही. पाजणाऱ्या बाईने अंतरा सहा आठवड्यांनंतर सुरू करावं, आणि ते बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिनेही लागू शकतात हे धरून चालावं. माला-डीसारख्या नेहमीच्या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या पाजत असताना पहिले सहा महिने नकोत. निरोध तर आहेच, तो नवऱ्याने वापरायचा असतो एवढीच त्यातली अडचण मला आजवर सांगितली गेली आहे.

थांबायचं किती, तर तिशीच्या आतल्या बाईला मी दोन वर्षं सांगते. वय ३५ च्या पुढे असेल तर वर्ष-दीड वर्षावर तडजोड करते, कारण तिथे वयही आपलं काम करत असतं. पहिलं बाळ दगावलेल्या बाईला घरचे लगेच 'दुसरं बघा' म्हणतात; तिला मी किमान सहा महिने, शक्यतो वर्ष मागते आणि ते घरच्यांसमोर मागते. आणि पहिली मुलगी झाली म्हणून वर्षाच्या आत पुन्हा प्रयत्न करायला लावणाऱ्या घरांना पंधरा महिन्यांच्या व्रणाचा सगळा हिशेब मी मुद्दाम सासऱ्यांपुढे मांडते.

ताई, तुमची ही दोन मुलं पुरे असं ठरलं तर दुसऱ्या सिझरमध्येच नसबंदी होऊ शकते. नवऱ्याची बिनटाक्याची नसबंदी त्याहून सोपी आहे, फक्त त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरून वीर्याची तपासणी करून घ्यावी लागते. आत्ता ठरवणं जड जात असेल तर तांबी बसवा, ती दहा वर्षंही चालते. मात्र यांतलं काय हवं ते सातव्या महिन्यातच डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्या. ऑपरेशनच्या टेबलावर घाईघाईत विचारलं तर उत्तर बाहेर बसलेली माणसं देतात.